झुकते माप कोणत्या काळाला?

१८७२मध्ये लुडविग बोल्ट्झमन यांनी वायूच्या रेणूंच्या टकरींचे गणित मांडले आणि त्यातून एन्ट्रॉपी वाढतच जाते असे दाखवले. चार वर्षांनी त्यांचे व्हिएन्नातले ज्येष्ठ स्नेही योसेफ लोश्मिट यांनी नेमकी दुखरी जागा दाबली. न्यूटनचे नियम काळ उलटा फिरवला तरी तसेच लागू पडतात. मग त्यांतून एकाच दिशेचा निष्कर्ष निघालाच कसा?

गोम एका गृहीतकात होती. टक्कर होण्याआधी दोन रेणूंच्या वेगांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, असे बोल्ट्झमन धरून चालले होते. टकरीनंतर मात्र असतो! हा भेद नियमांनी दिलेला नव्हता, बोल्ट्झमन यांनीच तो गणितात घातला होता.

सिडनी आणि केंब्रिज विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकवलेले ह्यू प्राइस याला दुटप्पीपणा म्हणतात. १९९६च्या ‘टाइम्स ॲरो अँड आर्किमिडीज पॉइंट’ या पुस्तकात त्यांनी काळाच्या बाहेर उभे राहून भौतिकशास्त्राकडे पाहण्याचा प्रयत्न केला. तिथून पाहिले की प्रश्नच उलटतो. एन्ट्रॉपी पुढे वाढते यात नवल नाही. महास्फोटाजवळ ती इतकी कमी कशी होती, हे खरे कोडे.

इथवर प्राइस यांचे म्हणणे मला बिनतोड वाटते. पुढची उडी मोठी आहे. १९६४मध्ये जॉन बेल यांनी सिद्ध केले, की दूरदूरच्या दोन क्वांटम कणांमधला मेळ ‘जवळच्या कारणाचा परिणाम जवळच’ या चौकटीत बसत नाही. प्रयोगांनी तो मेळ खरा ठरवला. २०२२चे नोबेल त्याच कामासाठी मिळाले. पण कणाची आधीची स्थिती पुढे कोणते मोजमाप निवडले जाईल यावर अवलंबून नसते, हे बेल यांनी गृहीत धरले होते. प्राइस म्हणतात, पुन्हा तीच खोड! ते गृहीतक सोडले, तर दूरवरचा तत्काळ प्रभाव मानण्याची गरज उरत नाही. उद्याचे मोजमाप कालच्या कणाच्या स्थितीला हातभार लावते, एवढे मात्र मानावे लागते.

मग कालच्या दिवसाला निरोप धाडता येईल? नाही. कणाची ती स्थिती मोजल्याशिवाय कळत नाही आणि मोजायला गेले की ते मोजमापच हिशेबात येते. म्हणून आजोबांच्या लग्नात विघ्न आणणारा नातू इथे संभवत नाही. बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांना तरीही हा सौदा महाग वाटतो. शिवाय क्वांटम सिद्धांताची भाकिते दोन्ही बाजूंना सारखीच मान्य असल्याने, नुसत्या बेलच्या प्रयोगांवरून या वादाचा निकाल लागत नाही.