डोळ्यामागची सूज

डोळा लाल नाही, पाणी गळत नाही, तरी दिसणे कमी होत चालले आहे, अशी तक्रार आली की आमच्या अमरावती-अकोल्याकडे उपाय ठरलेला असतो: चष्म्याचा नंबर बदला. तेवढ्याने भागले नाही तर गुलाबजल, सुरमा. पण सुरमा पापणीपाशीच राहतो आणि हे दुखणे डोळ्याच्या मागे असते. पाहिलेले मेंदूपर्यंत नेणारी नस सुजली, तर तिथे चष्मा काय करणार?

ही सूज मुख्यतः दोन वाटांनी येते. एकीत नसेलाच दाह होतो. बहुधा तरुण वयात, त्यातही स्त्रियांना जास्त. डोळा फिरवताना आत दुखतो, काही दिवसांत धूसर दिसू लागते, रंग फिके पडतात. आम्ही शिक्षक वह्या तपासतो ती लाल शाई एका डोळ्याने लाल आणि दुसऱ्याने विटकरी दिसली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच नसेवर उलटलेली असते. कधी क्षयासारखा संसर्ग असतो, म्हणून तपासणी आधी.

दाहावर स्टेरॉइड देतात. पण कसे, हे महत्त्वाचे. अमेरिकेत ४५७ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९२ मध्ये आले. शिरेतून तीन दिवस मोठी मात्रा दिलेल्यांची नजर लवकर सुधारली. नुसत्या नेहमीच्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांत मात्र दुखणे उलटण्याचे प्रमाण वाढले. शेजारच्या खालांना लागू पडलेली गोळी मेडिकलवरून आणणे किती महागात पडेल, पाहा.

दुसरी वाट डोक्यातल्या वाढलेल्या दाबाची. यात सहसा दोन्ही नसा सुजतात. डोके दुखते, वाकले की क्षणभर अंधारी येते, पण सुरुवातीला दिसते नीट. म्हणूनच लोक थांबतात. मागे गाठ, मेंदूज्वर किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी असू शकते. वजन वाढलेल्या तरुण मुलींत कधी असे कोणतेच कारण सापडत नाही. मुरुमांवरच्या काही गोळ्यांनीही असा दाब वाढतो.

गुठळीबद्दल जरा थांबून सांगावेसे वाटते. चिल्ल्यात बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत अजून काही घरांत आहे. बाळंतपणात रक्त मुळातच लवकर गोठते. त्यात पाणी तोडायचे, आणि वर अकोल्याचा मे महिना! तिची न थांबणारी डोकेदुखी जागरणावर किंवा नजर लागण्यावर ढकलू नका.

थेंब घालून डोळ्याचा मागचा भाग तपासला की सूज दिसू शकते. मग एमआरआय आणि गरज पडल्यास पाठीतले पाणी. त्याने माणूस लुळा पडतो ही भीती खोटी. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. गुठळीवर रक्त पातळ करणारी औषधे. कारण न सापडलेल्या दाबावर वजन उतरवणे आणि असिटाझोलामाइड. या गोळीने लघवी वाढते, तेव्हा रोज्यांआधी डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत कुरआनातच आहे.

अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहे, अमरावतीत इर्विन. जाताना घरात चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत. क्षयाच्या औषधांतल्या इथॅमब्यूटॉलनेही याच नसेला इजा होते. ते चालू असेल तर डॉक्टरांना आधी तेच दाखवावे.