उबंटू-मिंटवर फायरफॉक्स जुना झालाय? घरच्या घरी असा करा अपडेट

शाळेत, वाचनालयात किंवा घरी जुन्या कॉम्प्युटरवर उबंटू, मिंट टाकलेलं असतं. फुकट आहे अन् मशीनही बरी चालते. पण ब्राउझर मात्र वर्षानुवर्षं तोच राहतो. मग बँकेची साइट नीट उघडत नाही, आणि जुन्या ब्राउझरमधल्या त्रुटींचा फायदा चोर घेतात, ते वेगळंच.

आधी आवृत्ती बघा. फायरफॉक्सच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबा, हेल्पमध्ये 'अबाउट फायरफॉक्स' उघडा. आकडा 128 पेक्षा कमी असेल तर काम लगेच हातात घ्या. फायरफॉक्समधलं एक जुनं प्रमाणपत्र 14 मार्च 2025 ला संपलंय. त्यामुळं जुन्या आवृत्तीत ॲड-ऑन बंद पडू शकतात.

उबंटू 22.04 आणि पुढच्यात फायरफॉक्स 'स्नॅप' प्रकारात येतो. तो नेट असेल तर आपोआप अपडेट होतो, पण ब्राउझर सतत उघडा ठेवला की अडकतो. म्हणून फायरफॉक्स पूर्ण बंद करा. कंट्रोल, आल्ट आणि टी एकदम दाबून टर्मिनल उघडा. इंग्रजी अक्षरांत 'सुडो स्नॅप रिफ्रेश फायरफॉक्स' लिहून एंटर मारा. पासवर्ड टाकताना पडद्यावर काही दिसलं नाही, तरी घाबरू नका, टाइप करत राहा.

मिंटवाल्यांना टर्मिनलची गरज नाही. अपडेट मॅनेजर उघडा, रिफ्रेश करा, फायरफॉक्ससमोर टिक ठेवून इन्स्टॉल करा. बुकमार्क अन् साठवलेले पासवर्ड जागेवरच राहतात.

आता ॲड-ऑन. फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए दाबा. दातेरी चाकाच्या चिन्हावर जाऊन 'चेक फॉर अपडेट्स' निवडा. जे वापरत नाही ते काढूनच टाका.

एवढं करूनही आकडा जुनाच राहिला, तर बहुतेक लिनक्सचीच मुदत संपलेली असते. मग आधी सिस्टिम नवी करावी लागेल. त्याआधी फोटो-कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या.

शेवटचं, पण महत्त्वाचं. फ्लॅश प्लेयर 31 डिसेंबर 2020 ला कायमचा बंद झाला. 'फ्लॅश अपडेट करा' किंवा 'ब्राउझर जुना झालाय, इथं दाबा' अशी पाटी एखाद्या साइटवर आली, तर ती फसवणूक समजा आणि पान बंद करा. अपडेट घ्यायचं ते वर सांगितलेल्या वाटेनंच.