मिडलवेटची क्रमवारी आणि चार्ली बर्ली

मुष्टियुद्धातल्या 160 पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे साडेबाहत्तर किलोच्या गटाला मिडलवेट म्हणतात. या गटातला सर्वकाळचा श्रेष्ठ कोण? नुसता हिशेब मांडायचा तर उत्तर सोपे आहे. बर्नार्ड हॉपकिन्सने 1995 ते 2005 या काळात विजेतेपद 20 वेळा राखले, कार्लोस मोन्झोनने 14 वेळा, मार्व्हिन हॅगलरने 12 वेळा. पण हॉपकिन्सच्या काळात प्रत्येक संघटनेचा विजेता वेगळा असे, आणि 2001 उजाडेपर्यंत त्याच्याकडे त्यांतल्या एकीचाच पट्टा होता. म्हणून या आकड्यांवर मी फारसा विसंबत नाही.

माझ्या यादीत पहिला आहे पिट्सबर्गचा हॅरी ग्रेब. त्याच्या एकाही लढतीची फिल्म आज उपलब्ध नाही. लढती सुमारे 300. त्यांतल्या कितीतरींचा अधिकृत निकालच नाही, कारण त्या काळी अनेक राज्यांत कायद्याने गुणांवर निकाल देता येत नसे. दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र सांगेल तो विजेता! मग भरवसा कशाचा? 1922 साली त्याने आपल्याहून वजनदार जीन टनीला न्यूयॉर्कमध्ये 15 फेऱ्यांत हरवले. टनी पुढे हेवीवेट विजेता झाला; उभ्या कारकिर्दीत तो एवढी एकच लढत हरला.

शुगर रे रॉबिन्सनला मी दुसरा धरतो, यावर त्याचे चाहते चिडतील. मिडलवेटचे विजेतेपद त्याने पाच वेळा मिळवले हे खरे. पण त्याची उमेदीची वर्षे 147 पौंडांच्या वेल्टरवेट गटात गेली. 1951 मध्ये जेक लामोटाला हरवले तेव्हा तो तिशीला टेकला होता. तिसरा मोन्झोन, चौथा हॅगलर. इथे फार वाद नाही.

पाचव्या जागेवर मी चार्ली बर्लीला बसवतो. हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा कधीच जगज्जेता नव्हता. 98 लढतींत त्याला कोणी नॉकआउट करू शकले नाही. 1944 मध्ये त्याने आर्ची मूरला गुणांवर हरवले. तोच मूर 1952 मध्ये लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला. तरीही बर्लीला विजेतेपदाची एकसुद्धा लढत मिळाली नाही. विजेता टोनी झेल महायुद्धात नौदलात गेला आणि नोव्हेंबर 1941 ते सप्टेंबर 1946 हे विजेतेपद पणाला लागलेच नाही. बर्लीच्या भराची वर्षे नेमकी हीच. शिवाय अशा कृष्णवर्णीय खेळाडूशी लढून हरण्याचा धोका जास्त आणि तिकीटविक्री कमी, असा व्यवस्थापकांचा रोकडा हिशेब असे. पुढे बर्लीने पिट्सबर्ग शहरात कचरा उचलण्याची नोकरी केली.

ज्याला दारातच अडवले, त्याच्या नावावर किती वेळा विजेतेपद राखले हे मोजायचे कसे? त्याने कोणाला हरवले, एवढेच पाहता येते. त्या कसोटीवर हॉपकिन्स माझ्या यादीत सहावा येतो.