चौकट : ‘चल’ म्हटलं तरी न हलणारा

सोलापूरच्या सात रस्त्यावर डोळे मिटून उभं राहा; रिक्षा कुठून येते ते नुसत्या आवाजावरून ओळखावं लागेल. दृष्टिहीनांच्या मार्गदर्शक श्वानाला सिग्नल वाचता येत नाही. रस्ता कधी ओलांडायचा, हे माणूसच कानांनी ठरवतो. पण गाडी अंगावर येत असेल, तर ‘चल’ म्हटल्यावरही श्वान जागचा हलत नाही आणि पाठीवरच्या पट्ट्याच्या ताठ मुठीतून ते हाताला कळतं. हुकूम नेमका कधी मोडायचा, हेच शिकवणं सर्वांत अवघड. त्याआधी साधारण वर्षभर पिल्लू एखाद्या कुटुंबात राहून जिने, बाजार, गर्दी यांना सरावतं. अशा श्वानांना शिकवणारी पहिली शाळा १९१६ मध्ये जर्मनीत, युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी निघाली. भारतात असे श्वान आजही फार विरळ. कुठे दिसलाच, तर कृपया त्याला बिस्किट देऊ नका.