पंडिता रमाबाई : तीन सत्तांना जाब विचारणारा आवाज

दुर्बलांची बाजू घेणे हे ख्रिस्ती धर्माने सांगितलेले कर्तव्य आहे. ज्यांना स्वतःसाठी बोलता येत नाही त्यांच्या वतीने बोलावे, विधवा व अनाथ यांना न्याय मिळवून द्यावा, असा आदेश बायबलच्या जुन्या करारात वारंवार येतो. मात्र ही शिकवण आचरणात आणायची म्हटले की प्रश्न उभा राहतो, बोलायचे कोणासमोर? परक्यांचे दोष दाखवणे सोपे असते. स्वतःचा समाज, राज्यकर्ते आणि स्वतःची धर्मसंस्था या तिघांनाही सारख्याच निर्भयतेने जाब विचारणे अवघड असते. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात हे अवघड काम पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी केले.

धर्मांतरापूर्वीची साक्ष

रमाबाईंचा आवाज ख्रिस्ती धर्मामुळे जन्माला आला, असे म्हणता येणार नाही. तो त्याआधीच घडला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी कर्मठांचा रोष पत्करून पत्नीला व मुलीला संस्कृत शिकवले. दुष्काळाच्या काळात रमाबाईंनी आई-वडील गमावले. पुढे कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८२ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्यांना वैधव्य आले. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार कराव्यात, स्त्री निरीक्षक नेमाव्यात, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्यावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पुरुष वैद्याकडे जाण्याच्या संकोचापायी असंख्य स्त्रिया प्राणास मुकतात, हे त्यांनी सरकारी आयोगाला स्पष्ट शब्दांत सांगितले. सुशिक्षित पुरुषही स्त्रीशिक्षणाला प्रतिकूल आहेत, हे सांगण्यासही त्या कचरल्या नाहीत.

श्रद्धा कशातून आली?

वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे लंडनजवळच्या फुलहॅम येथे समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे कार्य त्यांनी पाहिले. ज्या स्त्रियांना समाज वाळीत टाकतो, त्यांना येथे माणूस म्हणून वागवले जाते, हे त्यांच्या मनावर कोरले गेले. याचे कारण विचारले असता त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. जिच्याशी बोलणेही निषिद्ध मानले जाई, तिच्याशी येशू विहिरीवर संवाद करतो, ही ती कथा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. पीडित स्त्रीला मिळणारी वागणूक हीच धर्माची कसोटी, हा निकष त्यांनी लावला आणि पुढे तोच निकष ख्रिस्ती धर्मसंस्थेलाही लावला.

धर्मसंस्थेशी मतभेद

इंग्लंडमध्ये पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची संधी आली, तेव्हा भारतातील बिशपांनी त्यास हरकत घेतली. रमाबाईंना हे मान्य झाले नाही. गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने दूर केल्यावर दुसऱ्याचे जोखड मानेवर घेण्यास आपण तयार नाही, असे त्यांनी कळवले. येशूवर श्रद्धा ठेवणे आणि पंथाच्या अधिकाऱ्यांपुढे विवेक गहाण टाकणे, या दोन गोष्टी त्यांनी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवल्या.

सभा, सदन आणि सरकार

मुंबईतील १८८९ च्या काँग्रेस अधिवेशनास उपस्थित असलेल्या मोजक्या स्त्री प्रतिनिधींमध्ये रमाबाई होत्या. त्याच वेळी भरलेल्या सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्धच्या ठरावावर त्या बोलल्या. सभेतील गोंगाट थांबेपर्यंत त्या स्तब्ध उभ्या राहिल्या आणि नंतर, आवाज बळकट करण्याची संधीच स्त्रीला कधी दिली नाही, तर तो क्षीण असल्यास नवल काय, अशा आशयाचे बोल त्यांनी श्रोत्यांना सुनावले, असा प्रसंग त्यांच्या चरित्रांत नोंदलेला आहे.

त्याच वर्षी ११ मार्च रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले होते. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करणाऱ्या गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. सदन नंतर पुण्यात हलले.

सरकारही त्यांच्या टीकेतून सुटले नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात तक्रार प्रसिद्ध केली. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून त्यांनी मौन पाळले नाही. प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले.

वादाची दुसरी बाजू

या कार्याला वादाची किनार आहे. सदनातील मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते, असा आक्षेप घेऊन १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या आणि 'केसरी'ने कठोर टीका केली. आपण कोणावरही सक्ती करत नाही, पण कोणी आपल्या प्रार्थनेस येऊन बसल्यास तिला हाकलणारही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. आश्रय देणाऱ्याच्या छत्राखाली राहणाऱ्या मुलीची निवड कितपत स्वतंत्र असते, हा त्या वादातील मूळ प्रश्न होता. असा आश्रय देणाऱ्या कोणत्याही धर्माच्या संस्थेला तो आजही टाळता येत नाही.

आवाज देणे म्हणजे काय?

१८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी दौंड तालुक्यातील केडगाव येथील मुक्ती सदनात शेकडो निराधार स्त्रिया व मुलींना आणले. तेथे शेती, विणकाम, तेलघाणी, छपाई असे उद्योग शिकवले जात. अंधांसाठीही शिक्षणाची सोय होती. मूळ हिब्रू व ग्रीकवरून रमाबाईंनी केलेले सुबोध मराठी बायबल याच स्त्रियांच्या हातून छापले गेले.

रमाबाईंच्या कार्याचे मर्म येथे दिसते. मुक्यांच्या वतीने बोलणारा माणूस अनेकदा स्वतःच त्यांचा कायमचा प्रवक्ता होऊन बसतो. रमाबाईंनी साक्षी दिल्या, पत्रे लिहिली, सभा गाजवल्या. परंतु त्याचबरोबर अक्षरओळख, हाताला काम आणि छापखाना हेही त्या स्त्रियांना दिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर शतक उलटून गेले, तरी केडगावची संस्था निराधार स्त्रिया व मुलांसाठी काम करते आहे. दुर्बलांचा कैवार घेणाऱ्याने आपल्यानंतर त्यांना बोलता येईल अशी तजवीज केली का, ही कसोटी लावली, तर रमाबाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.