दाणी, राजेबहाद्दर आणि विंचूरकर : उपनामांच्या घडणीविषयी एक टिपण

नाशिक जिल्ह्याच्या अठराव्या शतकातील इतिहासात दोन सरदारांची नावे वारंवार आढळतात : नारो शंकर आणि विठ्ठल शिवदेव. दोघांचेही मूळ उपनाव दाणी. परंतु पुढे पहिल्याचे घराणे राजेबहाद्दर या नावाने, तर दुसऱ्याचे विंचूरकर या नावाने प्रसिद्धीस आले. एकाच उपनामाच्या जागी दोन निराळी उपनामे कशी रूढ झाली, आणि त्यावरून कुलेतिहासाच्या अभ्यासकाने काय घ्यावे व काय घेऊ नये, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेशवेकालीन कागदपत्रांत व्यक्तीचा निर्देश बहुधा स्वतःचे नाव व पित्याचे नाव एवढ्यानेच होतो. ‘नारो शंकर’ म्हणजे शंकराचा पुत्र नारो. ‘विठ्ठल शिवदेव’ म्हणजे शिवदेवाचा पुत्र विठ्ठल. ‘शंकर’ अथवा ‘शिवदेव’ ही उपनामे नव्हेत. ही गोष्ट मराठी वाचकास सांगावयास हवी काय, असे कोणी म्हणेल. परंतु इंग्रजी पद्धतीने तयार झालेल्या सूचींत अखेरचा शब्द हेच उपनाम मानण्याचा प्रघात असल्यामुळे ती सांगणे अवश्य आहे.

याच प्रकारची घडण स्कॉटलंडमध्ये सुमारे सहाशे वर्षे आधी झालेली दिसते. तेथील राजा पहिला डेव्हिड (कारकीर्द ११२४ ते ११५३) याने ब्रिटनी प्रांतातून आलेल्या कुळातील वॉल्टर फिट्झ अॅलन यास आपल्या राजगृहाचा कारभारी नेमले. ‘फिट्झ अॅलन’ याचा अर्थ अॅलनचा पुत्र; म्हणजे आपल्या ‘नारो शंकर’सारखाच हा निर्देश होय. या कारभाऱ्याच्या पदास ‘स्ट्यूअर्ड’ म्हणत. जुन्या इंग्रजीतील ‘स्टिगवेअर्ड’, म्हणजे घराचा रक्षक, या शब्दापासून तो आला. चौथ्या माल्कमच्या काळी हे पद वॉल्टरच्या वंशात वतनी झाले आणि पदाचे नाव तेच कुळाचे नाव ठरले. वॉल्टरचा भाऊ विल्यम याच्या इंग्लंडमधील वंशात मात्र फिट्झ अॅलन हेच नाव कायम राहिले. अरंडेलचे अर्ल त्याच शाखेतील. दोघे सख्खे भाऊ, पण वंशांची नावे दोन. १३७१ मध्ये स्ट्यूअर्ट कुळातील दुसरा रॉबर्ट गादीवर आला, तेव्हा गृहकारभाऱ्याचे पदनाम राजघराण्याचे नाव बनले. ‘स्टुअर्ट’ हे वर्णांतर फ्रान्समध्ये वाढलेल्या राणी मेरीपासून रूढ झाले.

पदनामाचे उपनाम होणे आपणांस अपरिचित नाही. चिटणीस, फडणीस, सबनीस यांतील ‘नीस’ हा फार्सी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने नाहीशी झाली, उपनाम राहिले. मात्र गावोगाव कुलकर्णी असल्यामुळे दोन कुलकर्ण्यांत आप्तसंबंध असेलच असे कोणी धरीत नाही. स्कॉटलंडमध्येही लहानसहान सरदारांचे स्वतःचे कारभारी असत व त्यांच्या वंशांतही तेच नाव चालले. म्हणून प्रत्येक स्ट्यूअर्ट राजवंशातील नव्हे. तरीही तसा समज बाळगणारे पुष्कळ आढळतात!

राजेबहाद्दर हे याहून थोडे निराळे. ते पदनाम नसून किताब आहे. झाशीची सुभेदारी केलेला, पानिपतच्या मोहिमेत दिल्लीच्या बंदोबस्तास राहिलेला आणि मालेगावचा किल्ला बांधविणारा नारो शंकर हा या किताबाने ओळखला जाई. पद एका वंशातून दुसऱ्या वंशात जाऊ शकते, एकाच वेळी अनेकांकडे असू शकते; किताब एका व्यक्तीस मिळतो. म्हणून वंशाचा पुरावा या दृष्टीने अशा उपनामाचे मोल पदनामाहून अधिक मानावे लागेल. मौज अशी की, पंचवटीत गोदातीरी १७४७ मध्ये त्याने बांधलेले रामेश्वराचे मंदिर लोकांत ‘नारोशंकराचे देऊळ’ म्हणूनच ओळखले जाते. त्यावरील १७२१ सालाची पोर्तुगीज घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून सांगितली जाते. तीही ‘नारोशंकराची घंटा’. घराण्याने किताब जपला, गावाने पितापुत्रांची नावे एक करून जपली.

विंचूरकर या उपनामाचा विचार अधिक सावधपणे करावयास हवा. ‘कर’ हा प्रत्यय लागलेल्या उपनामावरून आपण मूळ गाव काढतो, आणि ते बहुधा बरोबर असते. परंतु निफाड तालुक्यातील विंचूर हे विठ्ठल शिवदेवाच्या सरंजामाचे गाव होते. वंश तेथून निघाला नाही, तेथे येऊन स्थिर झाला. येथे ‘कर’ मूळस्थान दर्शवीत नसून सत्ता दर्शवितो. स्कॉटलंडमधील मरे हे उपनाम असेच आहे. फ्लेमिश वंशाचा मानला जाणारा फ्रेस्किन यास मोरे प्रांतात जमिनी मिळाल्या आणि त्याचे वंशज ‘मोरेचे’ म्हणून ओळखले जाऊ लागले. उलट, विंचूर सोडून अन्यत्र गेलेले कोणतेही कुटुंब विंचूरकर म्हणविले जाणे शक्य आहे, आणि त्याचा या सरदार घराण्याशी काही संबंध असण्याचे कारण नाही. एकाच रूपाचे दोन अर्थ होतात, व ते केवळ रूपावरून वेगळे करता येत नाहीत.

मूळस्थानदर्शक ‘कर’ गाव सोडल्यावरच अर्थपूर्ण होतो. येवल्यात सगळेच येवलेकर. तेथे हे नाव कोणाला कशासाठी द्यावे? तात्या टोपे याचे नाव रामचंद्र पांडुरंग येवलेकर. जन्म येवल्याचा, १८१४ मधील. त्याचा पिता दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास होता आणि १८१८ नंतर बाजीराव ब्रह्मावर्तास गेला तेव्हा हे कुटुंबही तिकडे गेले. उत्तरेत ‘येवलेकर’ हे नाव ओळख पटविण्यास पुरेसे होते; तरी ‘टोपे’ने त्यावर मात केली. बाजीरावाने दिलेल्या टोपीवरून ते आले असे एक मत, तोफेवरून आले असे दुसरे. दोन्ही व्युत्पत्ती नाव रूढ झाल्यानंतर रचल्यासारख्या वाटतात. टोपीची कथा अधिक रसाळ आहे, एवढ्यावरून ती अधिक प्रमाण ठरत नाही.

दप्तरांची सूची करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून मुख्य नोंद कागदातील रूपानेच, म्हणजे ‘नारो शंकर’, ‘विठ्ठल शिवदेव’ अशी करावी. दाणी, राजेबहाद्दर, विंचूरकर या शब्दांखाली केवळ ‘पाहा’ असा निर्देश द्यावा. आणि कागदात नसलेले उपनाम घालावयाचे झाल्यास ते चौकटी कंसात घालावे. म्हणजे कोणते नाव त्या काळाचे व कोणते आपले, हे पुढच्या वाचकास कळेल.