डोळ्यांपुढचे काजवे

आबिड्सच्या चौकात सायंकाळी उभे राहिले की प्रकाशाची उणीव कोठेच भासत नाही. सहाव्या निझामांच्या पदरी असलेल्या अल्बर्ट आबिड या आर्मेनियन गृहस्थाच्या दुकानावरून या भागाला नाव मिळाले. आज येथे शेकडो दुकानांच्या पाट्या रात्रीचा दिवस करीत असतात. अशाच एका संध्याकाळी, पदपथावरची जुनी पुस्तके चाळून परतताना, माझ्या आठवीतल्या मुलीने मला विचारले, “बाबा, डोळ्यांपुढे काजवे चमकले असे मी निबंधात लिहिले, पण काजवा दिसतो तरी कसा?”

मी निरुत्तर झालो. हैदराबादच्या मराठी घरातील मुलाला या एका जिवाची तीन नावे ठाऊक असतात. घरात तो काजवा, शेजारच्या तेलुगू घरात मिणुगुरु आणि गाण्यांतून कानी पडलेला जुगनू. नावे तीन, आणि पाहिलेला एकही नाही! संस्कृतात त्याला खद्योत, म्हणजे आकाशात चमकणारा, म्हटले आहे. पण ज्या आकाशात काळोखच उरला नाही, तेथे त्याने चमकावे तरी कसे?

काजवा ही माशी नव्हे. तो भुंगेऱ्याच्या कुळातील कीटक आहे. जगात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की प्रकाश उमटतो. त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. हा प्रकाश म्हणजे त्याची भाषा होय. अनेक जातींत नर उडता उडता ठराविक लयीत लुकलुकतो आणि गवतावर वा झुडपावर बसलेली मादी त्याला उत्तर देते. ओलसर मातीत, पालापाचोळ्यात ती अंडी घालते. अळी गोगलगायी आणि गांडुळे खाऊन कित्येक महिने जमिनीतच वाढते. आपण पाहतो ते पंखांचे आयुष्य अवघ्या दोनतीन आठवड्यांचे. त्यामागे जवळजवळ वर्षभराची मूक तयारी असते.

हे सारे मुलीला सांगण्यापेक्षा दाखवावे, असे मनाने घेतले. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्यात भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी हा परिसर काजव्यांसाठी विख्यात आहे. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या छायेतील या प्रदेशाला १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे संरक्षण लाभले. मे महिन्याच्या अखेरीस वळीव कोसळू लागला की येथील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर ही झाडे काजव्यांनी लगडतात. आपल्या नामपल्लीच्या नुमाइश मैदानावर मृगशिरा कार्तीला मत्स्यप्रसादासाठी रांगा लागतात, त्याच दिवसांत तेथे हा सोहळा रंगात आलेला असतो.

आम्ही चार कुटुंबे गाडी ठरवून गेलो. जे पाहिले ते अपूर्व होते. एक अख्खे झाड क्षणभर उजळे, मिटे, पुन्हा उजळे. जणू रान श्वास घेत होते. परंतु त्याच रस्त्यावर गाड्यांची रांग होती. दिव्यांचे झोत झाडांवर पडत होते, भ्रमणध्वनींच्या विजेऱ्या लागल्या होत्या, आणि जेथे झोत पडे तेथील लुकलुक थांबे. त्या गर्दीत आम्हीही होतो. अधिक जवळून पाहावे म्हणून आमच्यातील काहीजण गवतात उतरले. त्यांना मी अडविले नाही. इतकेच नव्हे, किनवटकडच्या आजोळी लहानपणी आम्ही बाटलीत काजवे कसे कोंडत असू, याची गोष्ट मी प्रवासात मोठ्या रंगाने सांगितली होती. मुलीने ती मनावर घेतली. सकाळी बाटलीच्या तळाशी सात किडे निश्चल पडले होते. ती काही बोलली नाही. मलाही बोलता आले नाही.

वाचकहो, पायाखाली कोण चिरडले जाते याचा आपण विचार करीत नाही. गवतात उतरणारा पाऊल ठेवतो तो मादीवर आणि उद्याच्या अंड्यांवर. प्रखर उजेडात नर-मादीची खूण हरवते आणि त्यांची भेटच होत नाही. २०२० साली जगभरच्या अभ्यासकांच्या मतांवर आधारलेल्या एका पाहणीत काजव्यांपुढील मुख्य संकटे सांगितली गेली, ती हीच : अधिवासाचा नाश, कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशके. त्याआधी २०१० साली मलेशियातील सेलांगोर येथे अभ्यासकांनी काजव्यांच्या रक्षणाचा जाहीरनामा काढला होता. २०१८ पासून जुलैच्या आरंभी जागतिक काजवा दिनही पाळला जातो.

मग तेथे जाऊच नये काय? तसे मला वाटत नाही. त्या डोंगरात महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. पावसापूर्वीच्या टंचाईच्या दिवसांत पाहुण्यांमुळे त्यांच्या हाती चार पैसे येतात. आणि झाडापासून मिळकत असेल तर झाड राखले जाते. वनखात्याने रात्रीच्या प्रवेशाला शुल्क व वेळेचे बंधन घातले आहे. पण पाहुण्याला स्वतःची शिस्त नसेल तर नियम किती पुरे पडणार? म्हणून जावे ते थोड्यांनी. गावातच कोणाच्या घरी उतरावे, गाडी दूर ठेवावी, गावच्या वाटाड्यामागून पायवाटेनेच चालावे, दिवा लावू नये, छायाचित्राचा मोह सोडावा.

त्याहून जवळचे कर्तव्य वेगळेच आहे. आपल्यापैकी अनेकांची शेती नांदेड, परभणी, बीदरकडे बटाईने चालते. आमच्या वाट्याच्या तुकड्यातही बांधावर तणनाशक मारले जाई. पैसे मीच पाठवीत होतो. पूर्वी त्या बांधावर काजवे दिसत. यंदापासून बांध तसाच राखायचा, पालापाचोळा जाळायचा नाही, ओढ्याकाठची झाडे तोडायची नाहीत आणि विहिरीवरचा रात्रभर जळणारा दिवा काम आटोपताच मालवायचा, असे बटाईदाराशी बोलून ठरविले आहे. त्याने हसून मान्य केले. “आमच्या पोरांनी तरी कुठं बघितलेत?” असे तो म्हणाला.

काजवे परत येतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. अळी फार दूर जात नाही आणि उजाड झालेली जागा सहजी भरून निघत नाही. तरी येत्या मृगात मुलीला घेऊन मी त्या बांधावर बसणार आहे, विजेरी न घेता. बाटली तिने स्वतःच फेकून दिली आहे.